विमानात कार सीट: तिकिटापासून मुंबईच्या टॅक्सीपर्यंत

अमेरिकेतून लहान मूल घेऊन भारतात यायचं ठरलं की कार सीटचा विषय बहुतेक घरांत निघायच्या आदल्या रात्री निघतो. बॅगा भरून झालेल्या असतात, वजनं करून झालेली असतात, आणि कोणीतरी विचारतं, ‘आणि हिचं काय?’ मग ‘चेक-इन करून टाकू’ किंवा ‘तिकडे कोण वापरतंय’ यातलं एक उत्तर मिळतं. ही सीट विमानात चालते का, त्या जागेत मावते का आणि भारतातल्या गाडीत घट्ट बसते का, हे तिन्ही प्रश्न घरीच सुटणारे आहेत. विमानाच्या अरुंद वाटेत, मागे माणसं खोळंबलेली असताना ते सुटत नाहीत.

पुढचे टप्पे जन्मापासून साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. सीट अमेरिकेत घेतलेली आहे असं धरलं आहे. युरोपातून येणाऱ्यांसाठी जे वेगळं आहे, ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

टप्पा १: मुलाच्या नावाची जागा

कार सीट विमानात वापरायची तर मुलाचं स्वतःचं तिकीट हवं. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन जाता येतं, पण अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हीच सांगते की मुलाला मान्यताप्राप्त सीटमध्ये बसवणं सगळ्यांत सुरक्षित. अचानक हवेचा जोरदार धक्का बसला तर हातांनी मूल धरून ठेवता येत नाही. हात कितीही घट्ट असले तरी नाही.

अमेरिकेबाहेरच्या बऱ्याच कंपन्या मांडीवरच्या बाळासाठी आईबाबांच्या पट्ट्याला अडकवायचा एक छोटा जोडपट्टा देतात. त्यामुळे बाळ उडून जात नाही हे खरं. पण मोठ्या धक्क्यात मोठ्या माणसाचं शरीर पुढे वाकतं आणि मधे बाळ असतं. पोटाशी बांधलेल्या बेबी कॅरिअरचंही तेच. अमेरिकन विमानांत तर धावपट्टीवर, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी जोडपट्टाही चालत नाही आणि कॅरिअरही नाही.

तिकीट काढताना तीन गोष्टी बघा.

बऱ्याच वेबसाइटवर दोन वर्षांखालचं वय टाकलं की मूल आपोआप ‘मांडीवर’ या खात्यात जातं. जागेसह बाळाचं तिकीट हवं असेल तर फोन करून घ्या आणि तिकिटावर आसन क्रमांक आला आहे ना ते पाहा.

दुसरं, विमान नेमकं कोण उडवणार आहे ते वाचा. तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि विमान भागीदार कंपनीचं, असं सर्रास असतं. नियम लागू होतात ते उडवणाऱ्या कंपनीचे. मुलाचं तिकीट असेल, सीट मान्यताप्राप्त असेल आणि मूल तिच्या वजनमर्यादेत बसत असेल, तर अमेरिकन कंपनी सीट नाकारू शकत नाही. फार तर दुसऱ्या जागी बसवायला सांगेल. आखाती, युरोपीय आणि भारतीय कंपन्यांचे नियम आपापले असतात. सीटचं मॉडेल, रुंदी आणि लेबलचा फोटो पाठवून ईमेलवर होकार घ्या आणि तो छापून बरोबर ठेवा. फोनवरचा होकार गेटवर दाखवता येत नाही.

तिसरं, वाढदिवस. भारतात असताना मूल दोन वर्षांचं होणार असेल, तर परतीसाठी त्याला स्वतःची जागा लागतेच. हे आधी न बघितलं की परतीचं तिकीट ऐनवेळी, मिळेल त्या भावात काढावं लागतं.

> सावधान: बासिनेट (विमानातल्या भिंतीला लावतात तो बाळाचा छोटा पाळणा) ही झोपेची सोय आहे, सुरक्षिततेची नाही. उड्डाणाला, उतरताना आणि पट्ट्याचा दिवा लागला की प्रत्येक वेळी बाळाला त्यातून काढावं लागतं. ‘बासिनेट मिळालंय, मग सीट कशाला’ हा हिशेब चुकीचा आहे.

टप्पा २: सीटवरचं लेबल

अमेरिकन कार सीटच्या बाजूला, मागे किंवा तळाशी स्टिकर असतं. त्यावर लाल अक्षरांत एक ओळ असते: ही सीट मोटारगाडीत आणि विमानात वापरण्यासाठी प्रमाणित आहे. गेटवर आणि विमानात कर्मचारी हीच ओळ शोधतात. बकेटसारख्या, हँडलने उचलता येणाऱ्या इन्फंट (तान्ह्या बाळाच्या) सीटमध्ये ती नुसत्या बेसवर, म्हणजे गाडीतच राहणाऱ्या तळावर नव्हे, वरच्या कवचावर आहे याची खात्री करा. बेस तुम्ही विमानात नेणार नाही. स्टिकर सोलवटायला लागलं असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. युरोपातल्या सीटवर संयुक्त राष्ट्रांच्या मानकाची खूण असते आणि काहींवर ‘फॉर यूज इन एअरक्राफ्ट’ असं वेगळं लेबलही असतं. युरोपीय कंपन्या बऱ्याचदा हे दुसरं लेबल मागतात.

आत स्वतःचे खांद्याचे पट्टे नसलेल्या बूस्टर सीट विमानात चालत नाहीत, कारण त्यांना गाडीचा खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतो.

लेबल सापडलं की टेप घ्या आणि रुंदी मोजा. इकॉनॉमीत आसनाच्या दोन हातांच्या (आर्मरेस्टच्या) मधली जागा साधारण ४३ सेंटिमीटर असते. सीटचा सगळ्यांत रुंद भाग बऱ्याचदा कपहोल्डरपाशी असतो, आणि तो काढता येतो. वरचा भाग थोडा रुंद असला तर चालतं, कारण तिथे हात नसतात. आता वजन. घरच्या गाडीतली जाडजूड, दहा-बारा किलोची कन्व्हर्टिबल (मागे किंवा पुढे, दोन्हीकडे तोंड करून लावता येणारी) सीट विमानतळभर वाहणं ही शिक्षाच आहे. कॉस्को सिनेरा नेक्स्टसारखी पाचेक किलोची साधी सीट प्रवासापुरती वेगळी घेणारे खूप आहेत, आणि माझ्या मते तो पैसा सत्कारणी लागतो.

केअर्स नावाचा पट्ट्यांचा संच हा आणखी एक पर्याय. तो विमानाच्या आसनाच्या पाठीभोवती बांधतात. मुलाचं वजन १० ते २० किलो, उंची १०१ सेंटिमीटरपर्यंत, आणि मूल स्वतः नीट बसणारं हवं. पाठीभोवतीचा पट्टा मागच्या माणसाच्या ट्रेच्या आतून न्यायचा, ट्रेवरून नाही. हा संच फक्त विमानासाठी आहे. मुंबईत उतरल्यावर गाडीत त्याचा काही उपयोग नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

> तपासा: लाल ओळ आहे. मुदत संपलेली नाही (तारीख कवचावर कोरलेली किंवा छापलेली असते). सीट कुठल्याही अपघातात सापडलेली नाही. मावसबहिणीकडून आलेल्या सीटबाबत शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा.

टप्पा ३: घरची तालीम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण हा टप्पा घेतलाच जात नाही.

अमेरिकेत बहुतेक आईबाबा सीट लॅचच्या आकड्यांनी, म्हणजे गाडीच्या आसनातल्या पक्क्या कड्यांना अडकवून लावतात. एकदा लावली की दोन वर्षं ती तिथेच असते. विमानात लॅच नसतं आणि वरचा टेदर (सीटचा माथा पुढे जाऊ नये म्हणून मागे अडकवायचा पट्टा) अडकवायलाही जागा नसते. असतो तो फक्त कमरेचा पट्टा. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सीट गाडीतून काढा आणि फक्त पट्ट्याने पुन्हा बसवा.

१. सीटबरोबरच्या पुस्तिकेतलं विमानाचं पान शोधा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवरून फोनमध्ये उतरवून घ्या.

२. पट्ट्याचे दोन मार्ग ओळखा: मूल मागे तोंड करून बसणार असेल तर एक, पुढे तोंड असेल तर दुसरा. पुष्कळ सीटवर निळ्या आणि लाल खुणा असतात. पट्टा चुकीच्या मार्गातून गेला तर सीट वरवर घट्ट वाटते, पण धक्क्यात धरत नाही.

३. इन्फंट सीट असेल तर बेसशिवाय बसवून बघा. पट्टा कवचावरच्या खाचांतून जातो. हँडल कुठल्या स्थितीत ठेवायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

४. खांद्याचे पट्टे मुलाच्या आजच्या उंचीला लावा. मागे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा खाली, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा वर.

५. घड्याळ लावा. पाच मिनिटांत बसवता येईपर्यंत करत राहा. घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांना जमलं पाहिजे, कारण विमानात दुसऱ्याच्या कडेवर मूल असणार.

टप्पा ४: आसनांची निवड

कार सीट खिडकीत. कारण सरळ आहे: आणीबाणीत बाहेर पडणाऱ्या कुणाची वाट अडता कामा नये. मोठ्या विमानात मधल्या रांगेतल्या आतल्या जागाही चालू शकतात. दोन्ही वाटांना लागून असलेल्या जागा नाहीत. आणीबाणीच्या दरवाज्याची रांग नाही, तिच्या लगेच पुढची नाही, मागचीही नाही.

भिंतीसमोरची पहिली रांग मोहात पाडते, पण तिथे हातांमध्ये ट्रे दडवलेले असतात. त्यामुळे हात वर होत नाहीत आणि जागाही अरुंद भरते. शिवाय अशा रांगांत, तसंच बिझनेस क्लासमध्ये, पट्ट्यातच एअरबॅग असू शकते. त्या पट्ट्याने कार सीट बांधायची नाही. पट्टा जाडजूड, फुगीर दिसला तर क्रूला विचारा आणि जागा बदलून घ्या. बिझनेसच्या तिरक्या कप्प्यांत तर बऱ्याच सीट बसतच नाहीत.

मागे तोंड असलेल्या सीटसमोरचं आसन मागे झुकत नाही, आणि भांडणं इथूनच सुरू होतात. सोपा उपाय म्हणजे त्या पुढच्या आसनावर आपलंच माणूस बसवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर आजोबांना आधीच सांगून ठेवा की पाठ सरळ राहणार आहे.

भारतातल्या आतल्या फ्लाइटसाठी एक आधार आहे. भारताची विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं आहे की एकाच पीएनआरवरच्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. काउंटरवर लांबची आसनं दिली तर हे सांगा.

टप्पा ५: विमानतळ

सुरक्षा तपासणीत मूल सीटमधून बाहेर काढावं लागतं, झोपलेलं असलं तरी. सीट एक्स-रेच्या पट्ट्यावर जाते. मावली नाही तर हाताने तपासतात. बाकी इथे काही नाही. अर्धा तास जास्त ठेवा.

बोर्डिंगला दोघांनी वाटून घ्या. एकाने सीट घेऊन आधी आत जावं आणि बसवावी. दुसऱ्याने मुलाला गेटपाशी पळू द्यावं आणि शेवटी आत यावं. पुढे चौदा-पंधरा तास बसायचंच आहे.

टप्पा ६: विमानात बसवणं

१. वाटेतून जाताना सीट आसनांच्या हातांच्या वर उचलून, पुढ्यात धरून न्या. खाली धरली तर दर रांगेला अडकते.

२. विमानाच्या आसनाची पाठ सरळ करा, मधला हात वर करा, आणि कार सीट अगदी मागे टेकेल अशी ठेवा.

३. पट्टा पूर्ण सैल करून योग्य मार्गातून ओवा आणि बक्कल लावा. पीळ राहू देऊ नका.

४. घट्ट करण्याआधी बक्कल एकदा उघडून बघा. ते सीटच्या मधोमध, कापडाखाली येतं. त्याची पाती कवचाला टेकून बसली तर उतरताना उघडत नाही. पाती बोटांना सापडेल अशी फिरवून घ्या. पट्टा तोकडा पडला तर क्रूकडे पट्टा लांब करायचा जोड (एक्स्टेंडर) मागा.

५. गुडघ्याने किंवा तळहाताने सीट आसनात दाबा आणि मोकळं टोक ओढा. दाब सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा ओढा. नुसत्या हाताच्या जोराने पट्टा कधीच पुरेसा घट्ट होत नाही.

६. पट्टा जातो त्याच ठिकाणी सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हलली पाहिजे. मागे तोंड असलेल्या सीटचं वरचं टोक हलतं, ते चालतं.

७. मूल बसवा. खांद्याच्या पट्ट्याला चिमटीत धरायला बघा. घडी चिमटीत आली तर अजून सैल आहे. छातीची क्लिप काखेच्या पातळीला. एसीचा गारवा असतो, पण पांघरूण पट्ट्यांच्या वरून घाला. जाड जॅकेट घालून पट्टे लावायचे नाहीत.

> सावधान: समोरच्याची तक्रार आली की क्रू कधी कधी सीट पुढे वळवायला सांगतात. पुस्तिकेत पुढे तोंड करण्यासाठी दिलेलं किमान वय आणि वजन मुलाने गाठलेलं नसेल तर ठाम नकार द्या, लेबल दाखवा आणि मुख्य क्रूला बोलवा. दोन-अडीच वर्षांचं मूल दोन्ही मर्यादांत बसत असेल तर विमानात पुढे तोंड करायला माझी हरकत नाही. पाय मावतात, समोरच्याच्या पाठीला लाथाही बसत नाहीत. गाडीत मात्र पुन्हा मागे तोंड.

टप्पा ७: हवेत असताना

दिवा बंद असताना मुलाला बाहेर काढा, फिरवा, पाजा, लंगोट बदला. लांबच्या फ्लाइटला पूर्ण वेळ बांधून ठेवायचं नाही. पण सीटमध्ये असेल तेव्हा पट्टे पूर्ण लावलेले. ‘झोपलंय, जरा सैल करते’ हे नको. सैल पट्ट्यात मूल खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकलेली दिसली तर लगेच उचला, कारण त्या स्थितीत श्वास कोंडतो. उड्डाणाला आणि उतरताना कान दुखू नयेत म्हणून सीटमध्येच बाटली किंवा चोखणी द्या. अंगावर पाजायचं असेल तर विमान हलायच्या आधी.

टप्पा ८: सीट सामानात टाकावी लागली तर

मूल मांडीवर असेल तर बहुतेकांना हेच करावं लागतं. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या कार सीटचे वेगळे पैसे घेत नाहीत. शक्य असेल तर गेटपर्यंत नेऊन तिथे द्या. रिकामी जागा असेल तर गेटवरचा कर्मचारी ती शेजारी देऊ शकतो, म्हणून आधी विचारा, मग द्या. काउंटरवर द्यायची असेल तर मूळ खोकं सर्वांत चांगलं. पातळ पिशवीने फक्त धूळ अडते. देण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढा.

सामानाच्या पट्ट्यावर परत आली की तिथेच उघडा. कापड बाजूला करून कवचाला केसासारखी तडा आहे का, आतला पांढरा फोम फुटलाय का, बक्कल ‘खट्’ वाजतं का, पट्टा ओढणारी दोरी चालते का, छातीची क्लिप जागेवर आहे का, हे बघा. नुकसान दिसलं तर विमानतळ सोडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा. तडा गेलेली सीट वापरायची नाही. चिकटपट्टी लावून तर नाहीच.

टप्पा ९: मुंबईची टॅक्सी

सगळ्या प्रवासातला धोक्याचा भाग हाच. रात्री दोनला टी-२ टर्मिनलवरून बाहेर, मूल चिडलेलं, आणि पुढे पुण्यापर्यंतचा एक्स्प्रेसवे. नेमकं याच वेळी मूल मांडीवर येतं. मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, हायवेवर मांडी उपयोगाची नाही.

गाडी आधी ठरवा आणि चालकाला तीन प्रश्न विचारा. डिकीत सीएनजीची टाकी आहे का? असेल तर चार बॅगा वरच्या कॅरिअरवर नाहीतर मागच्या सीटवर येणार, आणि मग कार सीटला जागा नाही. त्यामुळे अर्टिगा किंवा इनोव्हाच बरी. मागचे पट्टे आणि बक्कल वर काढलेले आहेत का? सीट कव्हरखाली बक्कल दडपलेलं असणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. आणि आयसोफिक्स (कार सीट अडकवायची आसनातली पक्की कडी) आहे का? असेल तर अमेरिकन सीटचे लॅचचे आकडे त्याच कड्यांना अडकतात.

आयसोफिक्स नसेल तर एक खोच आहे, जी अमेरिकेहून येणाऱ्यांना माहीत नसते. अमेरिकन गाड्यांचा मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की कट-कट करत आत जातो आणि तिथेच अडकून राहतो. भारतातल्या गाड्यांत बहुतेक वेळा तो फक्त जोरात धक्का बसला तरच अडकतो. एरवी सैल पडत जातो. म्हणजे पट्ट्याने लावलेली सीट पहिल्या वळणाला डुलायला लागते. उपाय दोन: सीटवर स्वतःची लॉक-ऑफ पट्टी (गाडीचा पट्टा घट्ट पकडून ठेवणारी) असेल तर ती वापरा. नाहीतर एच आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप लागते, जी बक्कलच्या जिभेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत लावायची. ती बॅगेत टाका, तीही घरीच वापरून बघून. जुन्या गाडीत मधल्या जागेवर कमरेचा साधा, हाताने ओढायचा पट्टा असेल तर उलट तोच चांगला: ओढला की घट्ट राहतो.

> तपासा: मागे तोंड असलेली सीट पुढच्या, एअरबॅग असलेल्या आसनावर कधीही नाही. पुढे तोंड असेल आणि टेदरचा हूक असेल तर टेदर लावा, पण सामान बांधायच्या हुकाला नाही. चालक ‘चला साहेब, लवकर’ म्हणाला तरी अडीच सेंटिमीटरची चाचणी झाल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका.

रिक्षात कार सीट बांधता येत नाही. मूल सीटबाहेर न्यायचं असेल तेव्हा अंतर लहान ठेवा आणि सीट घरीच ठेवा.

टप्पा १०: परत जाताना

दोन महिन्यांत मूल वाढतं. निघण्याआधी खांद्याच्या पट्ट्यांची उंची पुन्हा बघा. भारतातली धूळ आणि बिस्किटांचा चुरा बक्कलमध्ये जाऊन ते अडकतं. उलटं करून झटका, पाण्याखाली धरा आणि पूर्ण वाळू द्या. तेल किंवा ग्रीस घालू नका. हार्नेसचे (मुलाला बांधायचे) पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत. आजीने हौसेने शिवलेली मऊ गादी सीटमध्ये असेल तर ती काढा. सीटच्या कंपनीने दिलेली नसलेली कुठलीही वस्तू मुलाच्या पाठीमागे किंवा पट्ट्यांखाली नको. आणि परतीचं विमान वेगळ्या कंपनीचं असेल तर टप्पा १ मधला ईमेल तिला वेगळा करा.